ताडपत्री की पत्र्याची पेटी?



आज एका अगदी साध्या वस्तूविषयी आपल्याशी बोलायचे आहे. ती वस्तू म्हणजे झाकण. आपल्या गावात आणि बाजारात माल वाहणारी जी छोटी गाडी येते, तिला कोणी पिकअप म्हणतो, कोणी टेम्पो म्हणतो. 2005 साली टाटांची एस नावाची गाडी निघाली, तेव्हापासून तिला 'छोटा हत्ती' हे लाडके नावही मिळाले आहे. अशा गाडीच्या हौद्यावर झाकण कसले असावे? कमानी टाकून ताडपत्री बांधावी, की चारी बाजूंनी पत्रा ठोकून दाराकडीची पेटी करून घ्यावी? एवढ्याशा प्रश्नावर भाषण कशाला, असे कुणाच्या मनात येईल. पण शेतकऱ्याचा माल, शाळेची पुस्तके आणि एखाद्या तरुणाचे कर्ज ही तिन्ही त्या झाकणाखालून प्रवास करतात. तेव्हा थोडा वेळ द्या, एवढीच विनंती.

मी पेशाने शिक्षक. माझी सारी नोकरी मुरबाड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. निवृत्तीनंतर आता ठाण्यात, वर्तकनगरला मुलाकडे राहतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास एका सकाळी खाली भोंगा वाजला. सज्जातून पाहतो तो एक कोरी करकरीत पिकअप उभी. पुढे झेंडूची माळ, खाली लिंबू-मिरची, आणि शेजारी माझा एक जुना विद्यार्थी. चौथीत असताना पाढ्यांना घाबरणारा हा मुलगा आता बँकेचे कर्ज काढून गाडीचा मालक झाला होता. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात देऊन पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, एक विचारायचं होतं. हौदा उघडा आहे बघा. बॉडीवाला म्हणतो पत्र्याची पेटीच मारून घ्या, माल सुरक्षित. चुलते म्हणतात ताडपत्रीवर आमचा जन्म गेला, तीच बरी. हप्ता तर सुरू झालाय. पैसे एकदाच घालायचेत. काय करू?"

मला गाडी चालवता येत नाही. पण उत्तर देण्यापूर्वी प्रश्न नीट मांडावा, ही सवय शिक्षकाला असते. मी म्हटले, "अरे, तू नेणार काय त्यातून?"

तो म्हणाला, "मिळेल ते, गुरुजी."

मी म्हटले, "मग तुला उत्तर मिळायचे नाही. झाकण गाडीचे नसते, मालाचे असते. आधी माल सांग."

मग तो कट्ट्यावर बसला आणि बोटे मोजून सांगू लागला. भात निघाल्यावर त्याच्या भागात शेतकरी भेंडी लावतात. भेंडी तोडली की ती संध्याकाळी गाडीत भरायची आणि रात्री कल्याणच्या बाजार समितीत किंवा ठाण्याच्या मंडईत पोचवायची. हे काम उन्हाळा संपेपर्यंत. पावसाळ्यात किराणा, खताच्या गोण्या, शाळांची पुस्तके. आणि मधल्या रिकाम्या दिवसांत वर्तकनगरातले काम. इथल्या म्हाडाच्या जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचे काम बरेच वर्षे चालू आहे, त्यामुळे घरसामान हलवण्याची भाडी मिळतात.

आता या मालाकडे बघा. तो दोन जातींचा आहे. एक श्वास घेणारा आणि दुसरा न घेणारा.

भाजी तोडली म्हणजे ती मेली, असे आपण समजतो. तसे नाही. देठापासून तुटली तरी भेंडी, मेथी, कोथिंबीर, टोमॅटो यांचा श्वास चालूच असतो. हवेतला प्राणवायू त्या आत घेतात, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर टाकतात, आणि हे करताना ऊब निर्माण होते. पालेभाजी आणि भेंडी तर फार जोराने श्वास घेतात. असा माल बंद पत्र्याच्या पेटीत भरला, वर दार लावले आणि गाडी वाहतुकीत दोन तास अडकली, म्हणजे आत काय होईल? उब कोंडते. दिवसा पत्रा तापतो, त्याची भर पडते. रात्री पत्रा गार होतो आणि आतली वाफ त्याला लागून तिचे थेंब बनतात. भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलले की आतून पाणी ठिबकते ना, अगदी तसेच. बाहेर पावसाचा टिपूस नसताना भाजी आतून भिजते, काळी पडते, चिकट होते. व्यापारी पाटीत हात घालून पाहतो आणि भाव पाडतो. सुरक्षित पेटीतून आलेला माल असा घरच्या घरी लुटला जातो. थंडावा देणारे यंत्र बसवलेली गाडी असेल तर गोष्ट निराळी, पण ती छोट्या वाहतूकदाराच्या आवाक्यातली नव्हे.

शिक्षकमित्रांना एक प्रयोग सुचवतो. मेथीच्या दोन सारख्या जुड्या आणा. एक घट्ट झाकणाच्या डब्यात कोंबा. दुसरी टोपलीत ठेवून वर ओलसर फडके टाका. दुसऱ्या दिवशी मुलांना डब्यात हात घालायला सांगा. हाताला ऊब लागेल, झाकणाला थेंब दिसतील आणि वासच सगळे सांगेल. या धड्याला फळा-खडू लागत नाही.

आणि खरे तर हे ज्ञान आपल्याकडे नवे नाही. आपला शेतकरी भात कणगीत भरतो, ती शेणाने लिंपतो आणि तोंड बंद करतो. पण तोच शेतकरी कांदा कणगीत भरत नाही. कांद्यासाठी तो चाळ बांधतो. वर छप्पर आणि बाजूंना फटी, म्हणजे वारा आरपार खेळावा. आवणीच्या वेळी तो डोक्यावर इरले घेतो. पाठीवरचा पाऊस निथळून जातो, पुढची बाजू मात्र मोकळी, हात कामाला आणि श्वास वाऱ्याला. तेव्हा कणगी कशाला आणि चाळ कशाला हे ज्याला कळते, त्याला गाडीचे झाकणही कळलेच पाहिजे. कमानीवरची ताडपत्री म्हणजे गाडीचे इरले आणि पत्र्याची पेटी म्हणजे चाकांवरची कणगी.

आता दुसऱ्या जातीचा माल. पुस्तके, कागद, औषधे, सिमेंट, साखर, पाव-बिस्किटे. यांना वारा नको, ओल तर मुळीच नको. यांच्यासाठी पेटीसारखे झाकण नाही. पावसापासून बचाव, धुळीपासून बचाव, आणि वर कुलूप. ताडपत्री एका पात्याने फाडता येते, पेटी फाडता येत नाही. मुक्कामाला गाडी रस्त्यावर उभी करावी लागते, त्याला या कुलपाची किंमत विचारा.

इथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे. मी मुख्याध्यापक होतो तेव्हाची गोष्ट. बालभारतीची पुस्तके तालुक्याहून केंद्रशाळेत न्यायची होती. शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे पाऊस येतो. मी एक टेम्पो ठरवला. वर ताडपत्री होती. ती फाटकी नाही ना, हे मी हात फिरवून पाहिले आणि समाधानाने केबिनमध्ये जाऊन बसलो. वाटेत धो धो पाऊस लागला. शाळेत पोचून ताडपत्री काढली तर वरचे गठ्ठे कोरडे ठणठणीत. मला फार आनंद झाला. पण खालचा थर उचलायला गेलो आणि गठ्ठा हातात लगदा होऊन आला. पाणी वरून आलेच नव्हते. चाकांनी उडवलेले पाणी मागच्या फाळक्याच्या फटीतून आत शिरले होते, हौद्याच्या तळावर साचले होते, आणि पुस्तके त्यात बसून आली होती. तिसरीची पुस्तके होती ती. आम्ही व्हरांड्यात दोऱ्या बांधून कपड्यांसारखी ती वाळत घातली. बरीचशी वाचली, काही गेली. त्या वर्षी पहिल्या दिवशी नव्या पुस्तकाचा वास घेण्याऐवजी कित्येक मुलांनी फुगलेली, लाटा आलेली पुस्तके हातात घेतली. एका मुलीने तर आपले पुस्तक सरळ व्हावे म्हणून रोज रात्री पाट्याखाली दाबून ठेवले. ती मला हे कौतुकाने सांगत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हते. दोष गाडीवाल्याचा नव्हता. मी वरचे झाकण पाहिले, तळ पाहिला नाही.

म्हणून पहिला नियम असा, की झाकण वरचे असो वा कसलेही असो, तळाला आधी फळ्या किंवा बांबू टाकावेत, म्हणजे माल पाण्यात बसणार नाही. त्यावर एक ताडपत्री अंथरावी, तिच्या कडा मालाच्या बाजूंनी वर घ्याव्यात, आणि मग वरची ताडपत्री त्या कडांवरून खाली सोडावी. डबा भरावा तसा माल भरावा.

आता थोडे गणित. समजा, एका गाडीला मालासह एकूण 2700 किलो वजनाची परवानगी आहे आणि रिकामी गाडी 1500 किलोची आहे. मग माल किती न्यायचा? 1200 किलो. आता समजा, पत्र्याची पेटी भरली 250 किलोची, आणि कमानी व ताडपत्री मिळून भरली 50 किलो. फरक 200 किलोचा. टोमॅटोचे एक क्रेट 20 किलोचे धरले तर दर खेपेला दहा क्रेट कमी. पेटीचे पैसे बॉडीवाला एकदाच घेतो, पण हे भाडे ती रोज खाते. शिवाय वाढलेल्या वजनाचे डिझेल रिकाम्या परतीच्या फेरीतही जळते. "मग दहा क्रेट जादा टाकतो" असे म्हणून भागत नाही. 2019 साली कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून जादा भारासाठी वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार असे कलम आहे. आणि घाटात ब्रेक तापले म्हणजे जो दंड होतो, त्याची पावती मिळत नाही.

कायद्याची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातले 52 वे कलम सांगते, की नोंदणी-पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत परस्पर करू नये. उघड्या हौद्याची म्हणून नोंदलेली गाडी बंद पेटीची करायची, तर तिचे स्वरूप आणि रिकामे वजन दोन्ही बदलतात. तेव्हा पत्रा ठोकण्याआधी आरटीओ कचेरीत विचारावे. पेटी करणारा म्हणतो, "चालतं हो सगळं." अपघात झाल्यावर विम्याचा माणूस तसे म्हणत नाही.

इतके ऐकून माझा विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे गुरुजी, ताडपत्रीच." मी म्हटले, "थांब. ताडपत्री म्हणजे नुसते टाकून मोकळे होणे नव्हे. तीही बांधायची विद्या आहे."

ती विद्या त्याच्या चुलत्यांकडून मी पुढे शिकून घेतली, ती सांगतो. ताडपत्री घेताना दुकानदार जीएसएमचा आकडा सांगतो. म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. आकडा मोठा तितकी ताडपत्री जाड. जुन्या सुती कॅनव्हासची ताडपत्री जड असते, पण थोडा वारा जाऊ देते. ती ओली घडी करून ठेवली तर तिला बुरशी लागते. प्लॅस्टिकची हलकी आणि स्वस्त, पण वारा अजिबात सोडत नाही, आणि उन्हाने कडक होऊन घडीवर तडकते. म्हणून प्लॅस्टिकची ताडपत्री भाजीवर घट्ट लपेटली, तर ती पेटीइतकीच घातक. खाली कमानी पाहिजेतच. कमानी असल्या म्हणजे माल आणि कापड यांच्यामध्ये हवेचा थर राहतो, आणि वर उतार मिळाल्याने पाणी साचत नाही. सपाट ताडपत्रीवर पाण्याचे तळे होते, ते ताडपत्री फाडून तरी जाते किंवा गाठ सोडवून तरी.

दोन ताडपत्र्या वापरायच्या तर मागची आधी घालावी आणि पुढची तिच्यावर चढवावी. कौले शाकारताना वरचे कौल खालच्यावर येते, तसेच. गाडी पुढे धावते, वारा-पाऊस पुढून येतो, त्याला आत शिरायला फट मिळता कामा नये. गाडी वेगात असली की ताडपत्री वर फुगते, ती आतल्या वाऱ्याने फुगते असे वाटते. पण बाहेरून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, हेही त्याचे कारण आहे. म्हणून दोर नुसता कडांना ओवून पुरत नाही, वरूनही आडवातिडवा घ्यावा लागतो. लोखंडी कोपऱ्यावर दोर किंवा ताडपत्री घासते, तिथे जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा ठेवावा. आणि शेवटची गाठ सुरगाठ असावी, निरगाठ नव्हे. रात्री दोन वाजता मंडईत हमाल खोळंबलेले असताना निरगाठ सोडवणाऱ्याच्या तोंडी देवाचे नाव येत नाही.

भाजी असेल तर हवेसाठी फट वरच्या बाजूला, पुढे ठेवावी. मागचा पडदा मात्र नीट बांधावा. धावत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि धूळ-धूर तिच्यात ओढला जातो. मागून उघडी ठेवलेली मेथी वाटेतला सगळा धुरळा घेऊन बाजारात येते. वर्तकनगरहून इमारतीचा राडारोडा नेणाऱ्या गाड्यांची गोष्ट याच्या उलट. तिथे आतली धूळ बाहेर येऊ द्यायची नाही. 2023 च्या नोव्हेंबरात हवेचे प्रदूषण वाढले, तेव्हा बांधकामाचा माल नेणाऱ्या गाड्या पूर्ण झाकलेल्या असाव्यात, असे मुंबई उच्च न्यायालयाने बजावले होते.

एक मधली वाटही आहे. वरचे छप्पर पत्र्याचे, बाजूंना लोखंडी जाळी, आणि जाळीवर गुंडाळून वर घेता येतील असे ताडपत्रीचे पडदे. उन्हाळ्यात पडदे वर, पावसाळ्यात खाली. वजन पेटीपेक्षा कमी आणि जाळीला कुलूपही लागते. मात्र याचीही नोंद हवी. ज्याचा माल वर्षभर एकाच जातीचा आहे, त्याने पेटी की ताडपत्री याचा निकाल सरळ लावावा. पाववाल्याने आणि औषधवाल्याने पेटी घ्यावी, भाजीवाल्याने ताडपत्री. ज्याचा माल ऋतूप्रमाणे बदलतो, त्याने या मधल्या वाटेचा विचार करावा.

आता एक गोष्ट जरा कठोर होऊन सांगतो. झाकण ताडपत्रीचे असो की पत्र्याचे, त्याखाली माणसे बसवू नयेत. लग्नाचे वऱ्हाड, सहलीची मुले, खेळाच्या सामन्यांना निघालेला शाळेचा संघ, असे कितीतरी लोक आपण मालाच्या गाडीतून जाताना पाहतो. हे बेकायदा तर आहेच, पण बंद हौद्यात हवा कोंडते, मागचा धूर आत येतो, आणि गाडी कलंडली तर बाहेर पडायला वाट नसते. जी हवा भेंडीला पुरत नाही, ती आपल्या लेकरांना कशी पुरेल? शिक्षकांनी तरी याला स्पष्ट नाही म्हणावे. आणि ज्यांच्याकडे पेटीची गाडी आहे, त्यांनी दार लावण्यापूर्वी आत कोणी हमाल राहिला नाही ना, हे हाक मारून पाहावे, आणि कडी आतूनही उघडेल अशी सोय करून घ्यावी.

आता श्रोते विचारतील, त्या मुलाने शेवटी काय केले? त्याच्या कमाईचा मोठा हिस्सा भेंडीचा. म्हणून त्याने पाइपाच्या कमानी आणि एक जाड ताडपत्री घेतली. उरलेल्या पैशांतून पुढचे दोन हप्ते आधीच बाजूला काढून ठेवले. पुस्तके आणि औषधे यांसाठी झाकणाचे प्लॅस्टिकचे मोठे खोके घेतले. म्हणजे सगळ्या गाडीची पेटी करण्याऐवजी, ज्या मालाला पेटी हवी त्यालाच त्याने पेटी दिली. ही युक्ती मला सुचली नव्हती. ती त्याची.

गेल्या जूनमध्ये एका संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाजामागे पावसाचा आवाज होता. म्हणाला, "गुरुजी, आपल्या शाळेची पुस्तकं टाकून आलो. खालचा गठ्ठा आधी उचलून बघितला."

मी विचारले, "मग?"

"कोरडा, गुरुजी."

श्रोतेहो, भर पावसात 'कोरडा' हा शब्द इतका गोड लागतो, हे मला त्या दिवशी कळले. आपल्या गाडीवर कोणते झाकण घालायचे ते आपण ठरवा. पण ठरवण्यापूर्वी हौद्याजवळ क्षणभर उभे राहा आणि विचारा, आत जे जाणार आहे त्याला वारा हवा की आडोसा हवा? आणि निघण्यापूर्वी एकदा वाकून तळ पाहा.

नमस्कार.